कार्यावरून कारणाकडे : ओसंडणारा कार्ब्युरेटर आणि शेषवत् अनुमान

कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलची पातळी एका ठरावीक रेषेवर राहावी लागते. पंपाने ढकललेले पेट्रोल नीडल व्हॉल्व्हमधून चेंबरमध्ये येते. पातळी वाढली की फ्लोट वर उचलला जातो, त्याची जीभ नीडलला सीटवर दाबते आणि आवक बंद होते. इंजिनाने पेट्रोल ओढून घेतले की फ्लोट उतरतो, नीडल सैल होते, पुन्हा भर पडते. ही देवघेव बिघडून पातळी मुख्य नळीच्या तोंडाच्या वर गेली, तर इंजिनाने ओढण्याची वाट न पाहता पेट्रोल कार्ब्युरेटरच्या घशात गळू लागते. गॅरेजमध्ये याला ओव्हरफ्लो म्हणतात. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. ओव्हरफ्लो झालेल्या इंजिनात हवेचे प्रमाण इतके घटते की ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही. प्लग ओले होतात, सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुतले जाते, उरलेले पेट्रोल खाली ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करते. बाहेर सांडलेला थेंब तापलेल्या मॅनिफोल्डवर पडला तर गाडी पेटू शकते.

या बिघाडाचे निदान करणारा माणूस कार्यापासून कारणाकडे, म्हणजे घडले त्याच्या उलट दिशेने चालतो. अडचण अशी की हे एकच कार्य अनेक कारणांनी घडते. नीडलच्या टोकाला झिजून कडे पडलेले असते, सीटमध्ये कचरा अडकलेला असतो, पितळी फ्लोटला सुईएवढे छिद्र पडून त्यात पेट्रोल शिरलेले असते, फ्लोटची जीभ वाकलेली असते, सीटखालचा वॉशर चुकीच्या जाडीचा असतो किंवा पंपाचा दाब जास्त असतो. यांतले कोणतेही एक पुरेसे आहे. कारणे अनेक आणि कार्य एक असेल, तर कार्य पाहून अमुकच कारण आहे असे म्हणण्याचा आधार कोणता? प्रश्न ज्ञानशास्त्राचा आहे, आणि भारतीय तर्कपरंपरेने तो फार पूर्वी नेमके पुराचेच उदाहरण घेऊन विचारला आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. भाष्यकार वात्स्यायनाच्या एका विवरणाप्रमाणे कारणावरून कार्य ओळखणे ते पूर्ववत्, जसे दाटून आलेल्या ढगांवरून पाऊस. आणि कार्यावरून कारण ओळखणे ते शेषवत्, जसे नदीला आलेल्या पुरावरून वरच्या अंगाला पडलेला पाऊस. सूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, यावरच बोट ठेवतो. नदी फुगते ती खाली प्रवाह अडवला गेला तरीही फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार असे म्हणावे, तर वारूळ मोडल्यानेही त्या निघतात. मोराचा आवाज आला म्हणून मोर आहे असे म्हणावे, तर माणूसही तसा आवाज काढतो. चिन्ह दगा देते, म्हणून अनुमान हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे खात्रीचे साधन, नव्हेच, असा त्याचा दावा आहे.

सिद्धान्ती, म्हणजे न्यायमताची बाजू मांडणारा, याला जे उत्तर देतो ते भारतीय तर्कशास्त्रातल्या सर्वांत उपयोगी उत्तरांपैकी एक मानायला हवे. त्याचे म्हणणे असे की पावसाने आलेला पूर आणि बांधामुळे फुगलेले पाणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पावसाच्या पुराला वेग असतो, पाणी आधीच्यापेक्षा वेगळे दिसते, त्यावर फेस असतो, फळे, पाने, लाकडे वाहत येतात. बांधाने तुंबलेल्या पाण्यात यांतले काही नसते. केवळ ‘पाणी वाढले’ एवढेच पाहून जो अनुमान करतो त्याने चिन्ह पुरते पाहिलेलेच नाही. चूक झाली तर तिची जबाबदारी पाहणाऱ्यावर येते, अनुमान नावाच्या साधनावर येत नाही. कारणे अनेक असतात हे सिद्धान्ती नाकारत नाही. कार्य एकच आहे हे मात्र तो मान्य करत नाही. ढोबळ नजरेला एक भासणारे कार्य जवळून पाहिले की त्याच्या जाती दिसू लागतात, आणि प्रत्येक जात आपल्या कारणाची खूण बाळगून असते.

हे उत्तर कार्ब्युरेटरपाशी टिकते का, ते एका ठरावीक गाडीवर तपासून पाहता येते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली फियाट ११०० आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेलेली तिची आवृत्ती १०८९ सीसीच्या चार सिलिंडर इंजिनाची होती. पेट्रोलची टाकी मागे, इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप, एक कार्ब्युरेटर आणि हाताने ओढायचा चोक, एवढी साधी तिची रचना होती. मुंबईच्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली, तरी हौसेने सांभाळलेल्या पद्मिनी महाराष्ट्रात अजून पुष्कळ आहेत आणि ओव्हरफ्लो हे त्यांचे जुने दुखणे आहे.

अशा गाडीत ‘ओव्हरफ्लो होतो’ हे वाक्य ‘पाणी वाढले’ याच्याच तोलाचे आहे. आधी तो केव्हा होतो ते पाहावे लागते. एअर फिल्टर काढून घशात नजर टाकली आणि इंजिन संथ चालू असताना मुख्य नळीतून पेट्रोल ठिबकताना दिसले, तर पातळी वर गेलेली आहे आणि शोध फ्लोट, नीडल, दाब यांच्याकडे वळतो. ठिबकणे चालू इंजिनात नसेल, पण लांबच्या प्रवासानंतर गाडी बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू करताना पेट्रोलचा दर्प येत असेल, तर प्रकार वेगळा आहे. पेट्रोलमधले हलके अंश ४० अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागतात. बंद इंजिनाची उष्णता चेंबरपर्यंत चढते, पेट्रोल उकळून नळीतून वर येते आणि घशात पडते. यात नीडलचा काहीच दोष नसतो. सकाळी थंड गाडी सुरू करताना चालकाने चोक ओढून वर अॅक्सिलरेटर पुन्हा पुन्हा दाबला, तर प्रत्येक दाबासरशी अॅक्सिलरेटर पंप एकेक पिचकारी सोडतो आणि इंजिन बुडते. तिथे कारण चालकाचा पाय असते. चोक आत ढकलून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर फिरवला की हवा शिरते, इंजिन मोकळे होते, आणि उघडण्यासारखे काही उरत नाही.

काळही खूण देतो. अचानक एका दिवशी सुरू झालेला ओव्हरफ्लो बहुधा कचऱ्याचा असतो. महिनोन्महिने अॅव्हरेज घटत घटत अखेर ओसंडू लागलेली गाडी झिजलेल्या नीडलकडे किंवा हळूहळू जड होत गेलेल्या फ्लोटकडे बोट दाखवते. कार्ब्युरेटर नुकताच उघडून बसवल्यावर सुरू झाला असेल तर वॉशर, जीभ आणि पॅकिंग यांच्यावर आधी संशय जातो. वाहत आलेली पाने आणि लाकडे ती हीच.

न्यायदर्शनाने फसव्या हेतूंना, म्हणजे अनुमानाला आधार देणाऱ्या फसव्या खुणांना, हेत्वाभास म्हणून वेगळे काढले, आणि त्यांतले दोन या कामात नेहमी आडवे येतात. पहिला सव्यभिचार, म्हणजे जे सिद्ध करायचे ते साध्य नसतानाही आढळणारा हेतू. सायलेन्सरमधून काळा धूर आला म्हणजे ओव्हरफ्लो, ही समजूत अशी आहे. चोक अर्धवट अडकलेला असला, एअर फिल्टर बुजला असला किंवा हवेचा जेट चोंदला असला तरीही काळा धूर येतो, आणि तेव्हा चेंबरमधली पातळी अगदी बरोबर असू शकते. धूर आणि अग्नी ही जोडी भारतीय तर्कशास्त्राने शतकानुशतके घोटली, पण काळा धूर आणि ओसंडलेला चेंबर यांच्यात तशी व्याप्ती, म्हणजे अटळ सोबत, नाही. दुसरा असिद्ध, म्हणजे जो हेतू पक्षाच्या, ज्याविषयी अनुमान चालले आहे त्या वस्तूच्या, ठिकाणी आहे हेच ठरलेले नाही. ‘प्लग काळा झालाय’ हे विधान त्यात मोडते. कोरडी मऊ काजळी पेट्रोल जास्त असलेल्या गडद मिश्रणाची असते, तेलकट काळा थर रिंगांतून वर चढलेल्या ऑइलचा असतो, आणि पेट्रोलने ओला झालेला प्लग ओव्हरफ्लोचा असतो किंवा ठिणगीच न पडल्याचा. शेवटची शक्यता फार वेळा चकवते. पॉइंट जळले असतील किंवा कंडेन्सर कमजोर असेल, तर नेहमीच्या प्रमाणात आलेले पेट्रोलही न जळता प्लगवर साचते. मग चांगला कार्ब्युरेटर तीनतीनदा उघडला जातो आणि दोष डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली तसाच राहतो.

सिद्धान्त्याच्या उत्तराला इथवर बाध येत नाही. मात्र काही कारणे अशी आहेत की त्यांच्या कार्यांत नुसत्या पाहण्याने फरक सापडतच नाही. गळणारी नीडल आणि जास्त दाबाचा पंप ही त्यांची ठळक जोडी. दोन्हींत इंजिन संथ असताना ओव्हरफ्लो होतो, कारण तेव्हा पेट्रोल कमी खर्च होते. दोन्हींत वेगाने चालवल्यावर तो कमी झाल्यासारखा वाटतो, कारण आलेले जास्तीचे पेट्रोल इंजिन पिऊन टाकते. दर्प, धूर, प्लग सगळे सारखे. फेस आणि पाने शोधणारी नजर कितीही तीक्ष्ण असली तरी इथे तिला पकड मिळत नाही, आणि इथे सिद्धान्त्याचे उत्तर अपुरे पडते हे मान्य करणेच रास्त आहे.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारणांच्या अनेकत्वाचा स्वतंत्र विचार केला. अनेक उदाहरणांतले साम्य गोळा करून कारण शोधण्याच्या पद्धतीला हे अनेकत्व दुबळे करते, पण एकच गोष्ट बदलून फरक पाहण्याच्या पद्धतीला ते धक्का लावत नाही, असे त्याने दाखवले. न्यायपरंपरेतली अन्वय (एक असताना दुसरे असणे) आणि व्यतिरेक (एक नसताना दुसरे नसणे) ही जोडी याच वाटेची आहे. गॅरेजमध्ये व्यतिरेक हाताने घडवता येतो. कार्ब्युरेटरकडे येणारी रबरी नळी चिमट्याने दाबून बंद करायची आणि चेंबरमध्ये आहे तेवढ्या पेट्रोलवर इंजिन चालू द्यायचे. पातळी उतरू लागल्यावर काही क्षण इंजिन स्वच्छ आणि सुरेख चालले आणि मग बंद पडले, तर जास्तीचे पेट्रोल बाहेरून येत होते. शेवटच्या थेंबापर्यंत काळा धूर कायम राहिला, तर दोष चोकचा किंवा जेटांचा. जुनी, कडक झालेली नळी चिमट्याने तडकू शकते, म्हणून हा प्रयोग आग विझवायचे साधन जवळ ठेवून आणि इंजिन थंड असतानाच सुरू करावा. त्यानंतर पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये दाबमापक जोडला की उरलेला संशय फिटतो. अशा यांत्रिक पंपांचा दाब साधारणपणे प्रति चौरस इंच २ ते ४ पौंडांच्या आसपास असतो. काटा याच्या बराच वर गेला तर पंपाची स्प्रिंग किंवा नंतर बसवलेला इलेक्ट्रिक पंप दोषी आहे.

पण हाताने केलेल्या प्रत्येक बदलातून ज्ञान मिळतेच असे नाही. ओव्हरफ्लो होणाऱ्या चेंबरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केली की तो पुष्कळदा थांबतो, आणि नीडल अडकली होती असा निष्कर्ष लगेच काढला जातो. त्या ठोक्याने अडकलेली नीडल सुटली असेल, सीटवरचा कण हलला असेल, फ्लोटची बिजागरी मोकळी झाली असेल, किंवा काहीच झाले नसेल आणि ओव्हरफ्लो त्याच वेळी आपोआप थांबला असेल. काकतालीय न्याय, म्हणजे निव्वळ योगायोग, म्हणतात तो हाच. टकटक हा रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोचवणारा उपाय आहे. पुरावा म्हणून त्याला फार थोडी किंमत द्यावी.

वात्स्यायनाने शेषवत् अनुमानाचे आणखी एक विवरण दिले आहे: परिशेष, म्हणजे शक्य त्या सर्व पर्यायांतून जे संभवत नाहीत ते वगळत जाणे आणि जे उरेल ते स्वीकारणे. निदानाचा मोठा भाग असाच चालतो. फ्लोट काढून कानाशी हलवला आणि आत पेट्रोल खळखळले नाही, गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे आले नाहीत, म्हणून फ्लोट वगळला. नीडलच्या टोकावर कडे नाही, म्हणून झीज वगळली. परंतु परिशेषाचे बळ पर्यायांची यादी पूर्ण असण्यावर उभे आहे, आणि यादी पूर्ण असल्याची हमी परिशेष स्वतः देऊ शकत नाही. टाकीच्या झाकणाचा हवेचा मार्ग बुजलेला असेल आणि गाडी उन्हात उभी असेल, तर टाकीतल्या वाफेचा दाबच पेट्रोल पुढे ढकलून बंद गाडीत ओव्हरफ्लो घडवू शकतो. हा पर्याय यादीत नसेल तर परिशेष निर्दोष नीडलला दोषी ठरवून मोकळा होतो. काळही यादीत भर घालतो. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून देशातल्या पंपांवर टप्प्याटप्प्याने येऊ लागले. इथेनॉल जुन्या जातीच्या रबराला फुगवते आणि टाकीत वर्षानुवर्षे साचलेला चिकट थर सोडवून पुढे आणते. पद्मिनीच्या काळात तयार झालेल्या कारणांच्या यादीत या पेट्रोलला जागा नव्हती.

या सगळ्यात एक गृहीत दडलेले आहे: कारण कुठल्यातरी एका भागात वसते. ते नेहमी खरे नसते. नीडल बंद राहते की उघडते, हे एका तोलावर ठरते. एका बाजूला पेट्रोलचा दाब आणि सीटच्या छिद्राचे क्षेत्रफळ, दुसऱ्या बाजूला फ्लोटची तरंगण्याची शक्ती आणि त्याच्या दांड्याची लांबी. मोठ्या छिद्राचे सीट बसवले तर दाब योग्य, नीडल नवी, फ्लोट शाबूत आणि तरीही ओव्हरफ्लो अशी अवस्था येते. प्रत्येक भाग सुटा तपासला तर निर्दोष ठरतो. नवव्या शतकातल्या जयंत भट्टाने न्यायमंजरीत करण (कार्य घडवणारे साधन) म्हणजे सामग्री, एकत्र आलेल्या सर्व घटकांचा समूह, असे मत मांडले, आणि त्यातला एखादाच घटक निवडून त्याला मुख्य म्हणणे अवघड असल्याचे दाखवले. त्याचा विषय ज्ञानाची उत्पत्ती हा होता, पण सीट आणि फ्लोट यांच्या भांडणात त्याचे मत अचूक लागू पडते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ प्येर द्युएमने १९०६ मध्ये असाच मुद्दा विज्ञानाच्या सिद्धान्तांबद्दल मांडला. घड्याळजी बंद पडलेले घड्याळ सुटे करून एकेक चाक तपासतो, वैद्याला मात्र रोग्याचे तुकडे करता येत नाहीत, पूर्ण शरीरात दिसणाऱ्या लक्षणांवरूनच त्याला रोगाचे स्थान ताडावे लागते. द्युएमच्या मते भौतिकशास्त्रज्ञ वैद्यासारखा असतो. कार्ब्युरेटर दुरुस्त करणाऱ्याला दोन्ही भूमिका कराव्या लागतात आणि त्यांचा क्रम चुकवून चालत नाही. चेंबर एकदा उघडला की पातळी मोडते, सीटवरचा कण पुसला जातो, पॅकिंग फाटते. पुरावा पाहण्याआधीच नष्ट होतो. म्हणून आधी वैद्य, मग घड्याळजी.

जाणत्या मिस्त्रीचा शब्द हाही ज्ञानाचा उगमच आहे. न्यायदर्शन शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानते आणि आप्त कोण याची अट साधी ठेवते: ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे वात्स्यायन स्पष्ट सांगतो. या उदारतेचे महत्त्व कमी लेखू नये. चाळीस वर्षे याच गाड्यांवर हात चालवलेला, कधी शाळेत न गेलेला माणूस या व्याख्येने पूर्ण आप्त ठरतो. मर्यादा एवढीच की त्याचे आप्तत्व त्याने जाणलेल्या वस्तूपुरते असते. उघडून न पाहिलेल्या गाडीबद्दल तो बोलतो तेव्हा तोही अनुमानच करत असतो, आणि त्या अनुमानाला वरचे सर्व नियम लागू होतात.

संशयाला शेवट कुठे, हा प्रश्न मग उरतो. व्याप्ती सर्व काळ आणि सर्व ठिकाणी तपासता येत नाही, म्हणून अनुमान कधीच निश्चित नसते, अशी चार्वाकाची हरकत होती. दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाने न्यायकुसुमांजलीत तिला उत्तर दिले की संशयाला स्वतःच्याच आचरणाचा अडसर असतो. भूक लागल्यावर जेवणारा आणि उष्णतेसाठी अग्नी पेटवणारा माणूस कार्यकारणभावावर विसंबूनच वागतो. तो विसंबून वागतो आणि त्याच वेळी संशयही घेतो, हे एकत्र राहू शकत नाही. पुढे श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात हा युक्तिवाद उलटवला आणि वाद चालू राहिला. दुरुस्तीच्या कामापुरते उदयनाचे म्हणणे पटण्यासारखे आहे. दाबमापकाचा काटा खोटा असेल का, हा संशय दुसरा मापक लावून फिटू शकतो, म्हणून तो घ्यावा. आज पेट्रोल वर वाहू लागले असेल का, हा संशय घेऊन कोणी पाना उचलत नाही.

शेवटी निदान खरे होते हे कळते कसे? मीमांसकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानासोबतच येते, बाहेरून तपासावे लागत नाही. नैयायिक ते सफल प्रवृत्तीने ठरवतात. समोर दिसलेले पाणी खरे की मृगजळ, हे जाऊन तहान भागली की कळते. गाडी सुरू झाली आणि ओव्हरफ्लो थांबला, म्हणजे निदान खरे, असा याचा सरळ अर्थ लावला जातो. तो घाईचा आहे. दुरुस्ती किटमधली नीडल, सीट, वॉशर आणि पॅकिंग एकदम बदलली, सोबत चेंबर धुतला आणि जेट फुंकले, की एका बैठकीत सहा-सात गोष्टी बदलतात. ओव्हरफ्लो थांबल्याने कारण त्यांच्यात कुठेतरी होते एवढेच सिद्ध होते. नीडल झिजली होती हे निदान तेव्हाही अनुमानच असते, फक्त आता ते तपासण्याची संधी गेलेली असते.

कार्यकारणभाव पक्का करण्याची बौद्धांची पाच पायऱ्यांची पद्धत, पंचकारणी, माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात आली आहे. आधी कारण आणि कार्य दोन्ही दिसत नसतात. मग कारण दिसते, त्यानंतर कार्य दिसते. मग कारण नाहीसे होते, त्यानंतर कार्यही नाहीसे होते. दुरुस्तीवर ही पद्धत बसवायची तर एका वेळी एकच भाग बदलावा लागतो आणि काढलेला भाग टाकून न देता बाजूला ठेवावा लागतो. नव्या नीडलने ओव्हरफ्लो थांबल्यावर तीच जुनी नीडल परत बसवली आणि ठिबकणे पुन्हा सुरू झाले, पुन्हा नवी बसवल्यावर थांबले, तर कारण कळले असे म्हणता येते. जुनी बसवूनही ओव्हरफ्लो परतला नाही, तर सीटवरचा कण पहिल्यांदा उघडतानाच निघून गेला होता आणि नीडल निर्दोष होती. अशा वेळी शोध पेट्रोलच्या फिल्टरकडे आणि टाकीच्या तळाशी असलेल्या गंजाकडे न्यावा लागतो, कारण तिथून दुसरा कण येणार असतो.